लांबड्या भिंगाचं हूड

द्वारकाबाईने ओले हात पदराला पुसले आणि फोटो दाराच्या उजेडात धरला. बारशाचा फोटो. मधोमध नवरा धर्मराज, शेजारी त्याची धाकटी बायको नंदाबाई, तिच्या मांडीवर बाळ. मागे भावकी दाटीवाटीने उभी. द्वारकाबाई पुढच्या रांगेत उजव्या टोकाला बसली होती. तिथे आता नुसतं काळं होतं. पदराची किनार तेवढी उरली होती.

"फ्लॅशचा उजेड तिथवर पोचला न्हाई," फोटो घेऊन आलेला बद्रीनाथ म्हणाला.

"असू द्या. बाकी झकास आलाय," म्हणत धर्मराज खिळा-हातोडी शोधायला गेला. थोरली बायको फोटोतून गायब, आणि ह्याला बाकी झकास!

बद्रीनाथ तिचा पाठचा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. दुसरं महायुद्ध संपलं त्या साली त्याने हैदराबादहून जर्मन कॅमेरा आणून जालन्यात दुकान टाकलं. त्याच साली धर्मराजने दुसरं लग्न केलं, तेव्हा रुसून ती सहा महिने त्या दुकानात राहिली. फोटो धुवायला शिकली. हूडही तिला तिथेच कळलं. हूड म्हणजे भिंगापुढची काळी नळी, चकाकी अडवणारी. घोळका टिपणाऱ्या आखूड भिंगाला आखूड, लांबचं टिपणाऱ्या लांबड्याला लांब. आखूड भिंगावर लांब नळी चढली की चारही कोपरे कापले जातात. त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी भिंगापासून वेगळी, म्हणून फोटो धुवेपर्यंत चूक दिसत नाही. हे बद्रीनेच तिला दहादा बजावलं होतं.

फोटोचे चारही कोपरे गोलसर काळे होते. बाकीच्या तीन कोपऱ्यांत कुणीच नव्हतं.

बद्रीनाथ जेवायला बसला. तिने भाकरी वाढली.

"बद्री, हूड लांबड्या भिंगाचं होतं ना?"

घास त्याच्या हातातच राहिला.

"घाईत बसलं चुकून, आक्का."

"आन् 'आक्का, आणखी थोडी सरक' म्हणलास, ते बी घाईत?"

त्याने घास ताटात परत ठेवला.

"दाजी म्हणले, बाळाच्या पहिल्या फोटोत मूल नसलेली बाई नको. पर तुला ऊठ म्हणायचं त्यांच्या जिवावर आल्तं. मंग मीच म्हणलं, मी बघतो. चारचौघांत तुझा अपमान तर न्हाई झाला ना?"

तिला रडू आलं नाही, संताप आला. त्या बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालत होती ती. नवऱ्याकडची आशा तिने कधीच सोडली होती. पण हा तिच्या हातचा वाढलेला. त्याने केसाने गळा कापला होता, आणि वर तिची अब्रू राखली म्हणून सांगत होता.

बद्रीनाथने घाईघाईने हात धुतले. पिशवीतून कॅमेरा काढला, लांब नळी उतरवून आखूड बसवली, फ्लॅशमध्ये नवा बल्ब लावला; एका फोटोला एक बल्ब जळून जायचा.

"येवढा एकच बल्ब हाये, आक्का. बस इथं. तुझा एकटीचा काढतो, बिलकुल झकास."

द्वारकाबाईने त्याचं उष्टं ताट उचललं.

"एकटीचा कशाला रे?" ती म्हणाली. "एकटी तर मी हायेच."