सिप्रियनकाकांचं रडणं

भूमिका सिप्रियनकाकांना मिळाली. पण असं काही घडलेलंच नाही. निदान वटार गावात वावरताना यतीनने तसं ठरवलं होतं, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

त्या दुपारी यतीनला ऑडिशनचा मेसेज आला. मालिकेतला धाकटा मुलगा, बाप गेल्याचा प्रसंग, फोन आडवा ठेवून शूट करा, सहाच्या आत पाठवा. संवाद चारच ओळींचा. ओळी पाठ झाल्या, पण रडू येईना. उशीसमोर बसून ‘बाबा, एकदा तरी बोला’ म्हणताना त्याला वाटायला लागलं की उशीलाच आपली कीव येतेय. शेवटी त्याने वडिलांना, एकनाथरावांना, गळ घातली. ते केळीला खत घालून नुकतेच आले होते. आडवं पडायचं काम आहे म्हटल्यावर लगेच तयार झाले.

ओटीवर खाट, वडिलांवर पांढरी चादर, मागे भिंतीवर दुसरी. मुडदा म्हणून एकनाथराव उत्तम होते, फक्त यतीन अडखळला की चादरीखालून पुढचा शब्द सांगायचे. त्यात कुंपणापलीकडे सिप्रियनकाकांचा पंप धडधडत होता. सामाईक बावखलातून, म्हणजे वाडीतल्या तळ्यातून, पाणी घ्यायची पाळी कुणाची, यावरून दोन घरांत कित्येक वर्षं अबोला होता. पंप बंद करा म्हणून सांगायला जाणार कोण? यतीन पंपाच्या वर आवाज चढवून ‘बाबा गेले’ म्हणत राहिला.

आणि पंप थांबला. वीज गेली, देव पावला, असं यतीनला वाटलं. डोक्यावरचा पंखा फिरतोय हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

टेक सुरू झाला आणि सिप्रियनकाका चिखलाच्या पायांनी आत आले. शेजारी कुणी गेलं की आधी वाडीतला पंप बंद होतो, मग माणसं येतात, हे यतीनला लहानपणापासून माहीत होतं. काकांनी छातीवर क्रूस काढला, खाटेपाशी गुडघे टेकले.

“एकनाथ, पाळी तुझीच होती रे,” ते म्हणाले. “मला माहीत होतं.”

आणि रडले.

यतीनने तिथंच थांबायला हवं होतं. पण उजेड चांगला होता, आवाज स्वच्छ येत होता आणि एकदाचं त्यालाही रडू फुटलं होतं. त्याने आपल्या चारही ओळी म्हणून घेतल्या. चादरीखालचा माणूसही हलला नाही. ही कबुली ऐकायला एकनाथरावांनी तासभर श्वास रोखला असता.

मग त्यांना शिंक आली.

काका उठले आणि गेले. थोड्या वेळाने पंप सुरू झाला. यतीनने तोच टेक पाठवला.

उत्तर आलं. मुलगा नको, खाटेपाशी रडणारे ते गृहस्थ कोण आहेत, त्यांचा नंबर द्या.

मेसेज यतीनने डिलीट केला. पण मग त्याला जेवण जाईना. पलीकडे पंप थांबला की तो उठून वडिलांना बघून यायचा. शेवटी कुंपणापाशी जाऊन त्याने सगळं सांगितलं, फोन चालू होता हेसुद्धा. काका केळीची सुकी पानं कापत राहिले. मालिकेत जाण्याचा प्रश्नच नव्हता.

“तुझ्या बापासाठी माझ्याकडं तेवढंच होतं,” ते म्हणाले. “ते तू घेऊन गेलास. उद्या तो खरंच गेला, तर मी काय घेऊन येऊ?”

यतीन घरी आला आणि मालिकावाल्यांना मेल लिहायला बसला.

‘महोदय, सोबतच्या टेकमधील रडणे श्री. सिप्रियन यांच्या मालकीचे असून अर्जदाराने ते जाणूनबुजून आपल्याकडे पाठवले. श्री. सिप्रियन यांना ते पुढे खऱ्या प्रसंगी लागणार असल्याने, सदर रडणे आहे त्या स्थितीत मूळ मालकास परत करण्यात यावे, ही नम्र विनंती.’