बाहेरची कडी

विहाराच्या अंगणात नाटकाचं पथक चालवणाऱ्या सुयशनं नेहमीसारखं विचारलं, "सांगा, कुठल्या घरातली गोष्ट करू?"

सुलेखा याच पथकात काम करायची. त्यांच्या नाटकात लिहिलेलं काही नसे. बघणाऱ्यांनी गोष्ट द्यायची, पथकानं ती लगेच उभी करायची. मध्येच कुणी "थांबा" म्हटलं, तर त्यानं स्वतः येऊन एका पात्राची जागा घ्यायची आणि गोष्ट बदलून दाखवायची. गंगापूरकडच्या गावांत तिला याची कधी भीती वाटली नव्हती. पण आजचा खेळ हर्सूलला, तिच्याच गल्लीत होता, आणि मागे भिंतीला टेकून तिचे वडील, अप्पाराव, उभे होते.

शेजारच्या मालनबाई म्हणाल्या, "धाकटीला बघायला पाव्हणे येतेत अन् थोरल्या अपंग पोरीला आतल्या खोलीत कोंडतेत. लई घरांत चालतंय. करा तेच."

पथकात सुलेखानं घरचं कधी सांगितलं नव्हतं. "थोरलीचं काम सुलेखा करेल," सुयशनं ठरवून टाकलं.

तिचे पाय जन्मापासून आखडलेले, शब्दही अडखळत येत. रविवारी धाकट्या संस्कृतीला बघायला लोक येणार होते. खोलीला बाहेरून कडी लागणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती. आता वडिलांना वाटणार, हिनंच चव्हाट्यावर मांडलं. पथक सुटणार. मग उरणार ती खोली.

ती चादरीच्या पडद्याआड बसली; खेळात तीच कोंडलेली खोली आणि पडदा म्हणजे दार. पुढे बाप झालेला सुयश पाहुणा झालेल्या प्रणयला सांगत होता, "आम्हाला एवढी एकच मुलगी."

"थांबा."

आवाज अप्पारावांचा होता. टाळ्या पडल्या. "या काका, उघडा दार!" म्हणत सुयश बाजूला झाला. पडद्याखालून तिला वडिलांच्या चपला दिसल्या. त्या दाराकडे वळल्या नाहीत.

"एकच हाय," अप्पाराव म्हणाले. "च्या घ्या अन् निघा. खेळ संपला."

गप्प बसलं, तर खरंच संपणार होता. सुलेखानं मूठ आवळली आणि शेजारच्या पत्र्याच्या खुर्चीवर ठोकलं.

"आत कोण आहे?" प्रणयनं विचारलं.

"मांजर हाय."

"मांजर दार ठोकतंय व्हय, अप्पाराव?" मालनबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

सुलेखानं पुन्हा ठोकलं. "म... मी हाय. थो... थोरली." एवढं बोलायला तिला वेळ लागला.

अप्पारावांनी पडदा मुठीत धरला, पण सारला नाही. तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "रविवारी बी असंच ठोकशील?"

त्यांचा आवाज कापत होता. रागानं की भीतीनं, तिला कळेना. नाही म्हटलं असतं, तर सगळं इथंच मिटलं असतं.

"ठो... ठोकीन."

"मग कडी लावून काय उपेग," ते पुटपुटले. पण पडदा त्यांनी सोडला नाही. बाहेर येण्यासाठी तिला त्यांचा हात बाजूला करावा लागला.