डावीकडचा बुश

रिस्तेनने पहार गाडीच्या पट्ट्याखाली सरकवली आणि खांदा लावून मागचं धूड वर उचललं. खट्. पहार खाली सोडली. पुन्हा खट्.

"ऐकलंस?" तिने मान न वळवताच विचारलं. "स्नोमोबाइल म्हणतात हिला. तू लाकडाची ढकलगाडी केलीयस."

तिचा धाकटा भाऊ हेइका दाराजवळच्या डिझेलच्या पिंपाला टेकून उभा होता. शेजारी खोकं होतं, त्यावर रेनडिअरचं कातडंही टाकलेलं होतं, पण तो बसला नव्हता.

"एखादा बोल्ट सैल असेल, ताई. आवळून दे. उद्या रात्री बर्फ कडक झाला की कळप हलवायचाय."

"एखादा बोल्ट! डोक्याचा बोल्ट सैल झाल्यावर गाडीचे आवळून काय होणार?"

खोऱ्यातल्या सगळ्यांच्या गाड्या रिस्तेनच्या या शेडमध्ये येत, आणि त्यांचे बहुतेक मालक तिच्या मते गाढव होते. त्यात पहिला मान भावाचा. शेंडेफळ म्हणून रिवाजाप्रमाणे घर त्याला मिळालं, कळप त्याला मिळाला, वसंतात कळपाच्या पुढे राहून समुद्रकाठची वाट दाखवायची बापाची जागाही त्यालाच मिळाली. त्यासाठी त्याने काय केलं होतं, तर सगळ्यांच्या शेवटी जन्माला आला होता. तिच्या वाट्याला बापाची हत्यारांची पेटी आली. मनातल्या मनात तिला ती घरापेक्षा मोलाची वाटायची, पण हे तिने त्याला कधी कळू दिलं नव्हतं.

तिने गाडीची शेपटी साखळीने वर टांगली, पट्टा ढिला केला, दोन्ही बाजूंचे बोल्ट काढले. मग बर्फावर घसरणारे दोन लांब रूळ, त्यांना धरणारे पुढचा आणि मागचा दांडा, स्प्रिंगा, चाकं असा सगळा सांगाडा पट्ट्याच्या पोटातून ओढून जमिनीवर घेतला. हेइका मदतीला पुढे आला नाही. तिने तेही मनात त्याच्या खात्यावर मांडलं.

"उभा राहा हं असाच. राजेसाहेबांनी हात मळवून घेऊ नयेत."

त्याने पिंपाची कड आणखी घट्ट धरली.

पुढचा दांडा तिने धरून हलवला. तसूभर हलला नाही. मागचा धरला, तर तो तिच्या हातात म्हाताऱ्याच्या दातासारखा डुगडुगला. डावीकडची स्प्रिंग वाकाशीच तुटली होती. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळून काळा चिकटा धरला होता. दांड्यातला शाफ्ट तिने ठोकून बाहेर काढला. शाफ्ट ज्या कड्यांत फिरतो, त्यांतला उजवीकडचा बुश अजून वर्षभर चालला असता. डावीकडचा मात्र एका अंगाने झिजून अंड्याच्या आकाराचा झाला होता.

"ग्रीस म्हणजे काय, माहीत आहे का रे? की ते पण पावाला लावून खाल्लंस?"

पुढच्या शिव्या जिभेवर तयार होत्या. एवढ्यात तिने शाफ्टवरून अंगठा फिरवला आणि ती थांबली. अंगठ्याला मधाच्या रंगाचं, ताजं, स्वच्छ ग्रीस लागलं होतं. तिने दुसरा सांधा पाहिला, तिसरा पाहिला. सगळीकडे तेच. हयगयीने एवढं वाटोळं झालेलं नव्हतं, वजनाने झालं होतं. मागे, खाली, डावीकडे, सतत एकाच जागी पडलेल्या वजनाने.

तिने बॅटरी उचलून गाडीच्या दोन्ही अंगांच्या पायपट्ट्यांवर उजेड पाडला. डावी पायपट्टी बुटाने घासून लखलखत होती. उजवीवर गंज चढला होता. रोजच्या वापरातल्या गाडीच्या पायपट्टीवर गंज!

मग ती पहिल्यांदा मागे वळली आणि तिने भावाकडे नीट पाहिलं. पिंपाला टेकला असला तरी त्याचा सगळा भार डाव्या पायावर होता. उजवा पाय त्याने परक्याचा असल्यासारखा पुढे ठेवून दिला होता.

"माळावर बसून चालवतोस तू," ती म्हणाली.

हेइकाने दाराबाहेर पाहिलं. कळप राखणारा माणूस एक गुडघा सीटवर टेकून आणि दुसऱ्या पायावर उभा राहूनच चालवतो, नाहीतर त्याला पुढचं काही दिसत नाही. बसून दुकानात जातात, आणि पाहुणे फोटो काढायला बसतात.

"कधीपासून?"

"शरदात कुंपणात एक नर अंगावर आला होता, तेव्हापासून. डॉक्टर म्हणतो, खुबा बदलावा लागेल."

"मग बदल की! बुश बदलायला निर्लज्जासारखा येतोस, खुबा बदलायला काय लाज वाटते?"

"बदलला तर हा वसंत गेला, ताई. एकदा का जोव्ना पुढे गेला, की मग पुढच्या वर्षी सगळे त्याच्याच मागे जातील."

जोव्ना म्हणजे त्यांचा चुलत भाऊ. भावाला ती गाढव म्हणायची, जोव्नाला तिच्याकडे शब्दच नव्हता. नवी कोरी गाडी, मुठी आतून गरम होणारी. रेनडिअर शोधायला आकाशात ड्रोन उडवायचा. नदीवरचा बर्फ काठीने ठोकून पाहायचा असतो हे त्याच्या गावीही नव्हतं. गेल्या वसंतात एका दिवसासाठी त्याला पुढे सोडलं, तर गाभण माद्यांचा एक जथा त्याने पातळ बर्फावर घातला. त्या बुडून गेल्या. त्यांतल्या काहींच्या कानांवर रिस्तेनच्या मालकीची खूण होती.

"त्याला सांगू नकोस," हेइका म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता, की तिला तो लहानपणीचा वाटला. त्यामुळे तिला अधिकच राग आला.

"तोंड बंद कर आणि उजेड धर. तेवढं तरी जमेल ना?"

काराशोक गावाहून मागवलेले बुश तिच्याकडे होते. लाकडी हातोड्याने तिने ते बेताबेताने बसवले, नवा शाफ्ट घातला. एक नवी आणि एक जुनी नको म्हणून स्प्रिंगा दोन्ही बदलल्या. मोडीतल्या गाडीचा शॉक ॲब्सॉर्बर काढून लावला. सांगाडा पट्ट्यात परत बसवून पट्टा ताणला, गाडी साखळीवरून खाली घेतली. मग पान्ह्याने दोन्ही स्प्रिंगांचा जोर अगदी मऊ खाचेवर आणला. उभ्याने चालवणाऱ्याला ही खाच नको असते. हेइकाने ते पाहिलं.

ती हात पुसत होती तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि जोव्ना हेल्मेट काखोटीला मारून आत आला.

"काय झालं दादाच्या खटाऱ्याला?"

रिस्तेनने झिजलेला बुश जोव्नाच्या तळहातावर टाकला.

"बघ. सबंध हिवाळ्यात ग्रीसचा थेंब नाही. शेंडेफळ ना, कोणीतरी येऊन करेल म्हणून वाट बघत बसला असेल. असला ऐदी माणूस मी जन्मात पाहिला नाही."

जोव्ना हसला. "काय हे दादा!"

हेइकाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. दर रविवारी ग्रीसची बंदूक घेऊन बर्फात आडवा होणारा माणूस तो. त्याने बहिणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"राहून गेलं गं, ताई," तो म्हणाला.

"मग उद्या मीच पुढे राहतो," जोव्ना म्हणाला. "याचा काय भरवसा?"

"नाहीच मुळी भरवसा. म्हणून तर मी याच्या पाठीला लागून येणार आहे, हत्यारं घेऊन. हा चालवेल बसून, हळू, मी सांगेन तसा. नवे भाग आहेत, यंदा उभ्याने आदळआपट चालायची नाही. नदी आली की काठी मी मारेन. तू कळपाच्या शेपटीला राहा आणि ते तुझं पाखरू उडव."

"तू येणार? किती वर्षांनी!"

"काय करू? घरात एक तरी शहाणं नको?"

जोव्ना हसत बाहेर गेला, पण लगेच निघाला नाही. अंगणात गाडीपाशी उभा राहून तो फोनवर बोलू लागला. दार सताड उघडं होतं. हेइकाला आता सीटवरून पाय टाकायचा होता. त्याने हँडल धरलं, दात आवळले.

रिस्तेनने त्याच्याकडे पाठ करून दाराकडे तोंड केलं आणि बादलीला लाथ मारली.

"ग्रीसचा डबा काय पूजेला ठेवतोस?" ती गरजली. मागे कण्हल्याचा आवाज आला, तसा तिने स्वर आणखी चढवला. "आळशी! ऐतखाऊ! बापाच्या जिवावर मोठा झालास, आता बहिणीच्या जिवावर म्हातारा हो!"

हेइकाच्या गाडीचं इंजिन सुरू झालं तेव्हाच ती थांबली.