थोरली वडी

भाऊजी गेले ते चहा पिता पिता नव्हे, चहाकडे बघता बघता. चष्म्याचं दुकान लेकाच्या हवाली केल्यापासून त्यांचा मुक्काम मागच्या खोलीतच असे. तिथे मांडण्यांवर परदेशी चहा: चीनहून आणलेल्या, दाबून बशीएवढ्या केलेल्या काळ्या वड्या, जपानचे हिरवे डबे, तैवानच्या पुड्या. वडी जितकी जुनी तितकी तिची चव चढते म्हणे. सगळ्यात जुनी वडी माझ्या ताईच्या लग्नाआधीची. तिला ते ‘थोरली’ म्हणत.

“म्हणजे मी धाकटी,” ताई म्हणायची.

थोरलीच्या पायी घरात फोडणी द्यायची तर आधी सगळी दारं बंद करावी लागत. चहाला वास लागतो ना! ताईने अत्तर लावलं की भाऊजी तिला बाल्कनीत उभं करत. स्वतः मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातल्या भुकटीचा चहा प्यायचे. थोरली कधी फोडणार, असं विचारलं की म्हणायचे, “योग्य वेळ येऊ दे.” लेकीचं लग्न झालं, नातू झाला, ताईची साठी झाली. वेळ काही योग्य होईना. शेवटी त्यांचीच वेळ आली.

आठवडाही झाला नव्हता, तोच वकीलसाहेब दारात. भाऊजींचे जिवलग, चहाच्याच पंथातले. चेहरा दुःखी, हातात भलीमोठी रिकामी बॅग.

“वहिनी, ही फार मोठी जबाबदारी आहे,” ते हळूच म्हणाले. “तुम्हाला झेपायची नाही. मी सगळं नेतो आणि जिवापाड जपतो.”

“आधी चहा तर घ्या,” म्हणून ताई उठली.

थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून खलबत्त्याचे दणके ऐकू आले. मी धावत गेले. ताई थोरलीला कुटत होती! पुढ्यात कागदाच्या पिवळ्या चिंध्या, शेगडीवर दूध, शेजारी आलं आणि साखर.

“अगं, काय करतेस हे!”

“सवतीला धडा शिकवतेय. गाळणी दे.”

वकीलसाहेबांनी घोट घेतला. खोलीभर पसरलेल्या वासावरून त्यांना सगळं कळलं असावं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता हा माणूस आमच्यावर दावा लावणार.

“थोरली?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“वहिनी, वीस वर्षं दर रविवारी मी इथे येत होतो. त्याने मला एकदाही थेंब दिला नाही हो. नुसता वास! कागद उघडायचा, माझ्या नाकाशी धरायचा आणि परत गुंडाळायचा.”

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. “तुम्हालासुद्धा?”

“थोडी उरलीय का? दूध न घालता करू या एकदा.”

उरलेल्या चुऱ्यावर त्यांनी स्वतः उकळतं पाणी ओतलं. पहिलं पाणी फेकून दिलं, दुसरं तीन कपांत गाळलं. चहा काळाकुट्ट. आम्ही तिघांनी एकदमच तोंडाला लावला.

“कशी आहे?” ताईने विचारलं.

वकीलसाहेबांनी घोट जिभेवर घोळवला, डोळे मिटले, उघडले. “खरं सांगू? ओल्या गोणपाटासारखी.”

ताई आधी हसली. इतकी हसली की टेबलाला धरून उभी राहिली. मग हसता हसताच रडायला लागली. भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदाच.

“ओल्या गोणपाटासाठी मी बाल्कनीत उभी राहिले हो,” ती म्हणाली.

बॅग रिकामीच परत गेली. वकीलसाहेब मात्र दर रविवारी येऊ लागले. एकेक वडी फोडायची, चाखायची, वाईट लागली तर तोंडभरून शिव्या द्यायच्या. दोन-तीन वड्या खरंच अप्रतिम निघाल्या. तेव्हा ताईला भाऊजींचा जास्तच राग यायचा.

पुढच्या महिन्यात भाऊजींच्या नावाने एक पार्सल आलं. जाण्याआधी त्यांनीच मागवलेलं, त्या वर्षीचा अगदी ताजा हिरवा चहा. ताईने ते उघड्या दारातच फाडलं. चहा कोवळा, गोडसर, नुकत्या कापलेल्या गवताच्या वासाचा. ती तीन कप प्यायली.

“भाऊजींच्या फोटोपुढे ठेवू का एक कप?” मी विचारलं.

“मुळीच नको,” ताई म्हणाली. “जपून ठेवतील.”