गाठींचा दोरा

उमेदमल दवाखान्याच्या बाकावर बसले आणि कोटाचा खिसा त्यांनी हाताने झाकून घेतला. खिशात धुळ्याहून आलेलं पत्र होतं. एकोणीस दिवस झाले, त्याला उत्तर गेलं नव्हतं. लिहायला ते तीनदा बसले होते. तिन्ही वेळा 'सविनय' या शब्दापुढे टाक अडला होता.

पत्र लोकल बोर्डाचं होतं. तुमच्या गावचे डॉक्टर पहाडातल्या रोग्यांना मंतरलेले दोरे बांधतात, अशी तक्रार आली आहे. आपण वाचनालयाचे चिटणीस, जाणते गृहस्थ. तरी तेथील उपचार कसे आहेत ते महिनाअखेर कळवावे. न कळवल्यास तक्रार खरी धरून डॉक्टरांना काढण्यात येईल.

तक्रार बोर्डाचे सभासद शांतीलाल यांची. बोलणं मात्र मुळात उमेदमलांचंच. दिवाळीआधीच्या बाजारात एका पहाडी बाईच्या मनगटावर गाठी मारलेला दोरा त्यांना दिसला होता. कुठला, असं विचारल्यावर तिने दवाखान्याकडे बोट दाखवलं. संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर ते शांतीलालला म्हणाले, "आपला डाक्टर बी भगत व्हई गया." उमेदमलांच्या विनोदाला आजवर कोणी फारसं हसलं नव्हतं. शांतीलाल पोट धरून हसला. त्या हसण्यावर उमेदमल दोन दिवस सुखात होते.

"काका, तुम्हले काय व्हई ऱ्हायनं?" कंपाउंडर भिलाने विचारलं.

"गुडघा." गुडघा खरंच दुखत होता, तेवढाच धीर.

"मंग बठा निवांत. आमना डाक्टरले टाइम लागस."

आत टेबलाशी पहाडातली फुलीबाई उभी होती, काखेत वाळल्या भोपळ्याची तुंबडी. औषधासाठी बाटली घरून आणायची असा नियम होता, आणि बाटलीवर मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटायची. तुंबडीवर पट्टी टिकेना. डॉक्टरांनी पट्टी बाजूला ठेवली, खणातून दोरा काढला आणि सावकाश नऊ गाठी मारल्या. ते कोकणातले, अहिराणी अडखळत बोलायचे.

"सकाय, दुपार, संध्याकाय. औषध पेवानं, एक गाठ सोडानी. सगळ्या सुटन्या का मंग?"

"मंग तुन्हाकडे येवानं," फुलीबाई म्हणाली. तिने एक गाठ नखाने ओढून पाहिली आणि नाक मुरडलं. "भलती घट बांधस तू. लगीनना दोरा असा ऱ्हास का? दे इकडे."

तिने गाठी पुन्हा बांधल्या. डॉक्टर मान वाकवून तिच्या बोटांकडे बघत राहिले. बाकावरचे दोघंतिघं हसले, तेही हसले.

"लगीनना दोरा?" उमेदमलांनी हळूच विचारलं.

"पहाडमा लगीननं आवतन तसंच जास, काका," भिला म्हणाला. "जितला दिन बाकी, तितल्या गाठी. रोज एक सोडतस. कागदन्या खुना त्यास्ले समजेत नही. मांगे एकजन घर जाईसन आखी बाटली एकच घोटमा पेई गया. डाक्टर तीन दिन त्यान्हा उशाशी बठेल व्हता. तवयपासून हाई दोरा."

उमेदमलांनी मान हलवली.

त्यांची पाळी आली. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, मलम दिलं.

"आपण वाचनालयाचे ना? पहाडी बोलीचं एखादं पुस्तक आहे का आपल्याकडे?"

"नाही," उमेदमल म्हणाले.

"असतं तर बरं झालं असतं. मी चुकतमाकत शिकतोय."

उमेदमलांनी धोतर नीट केलं. मग ते पायऱ्या उतरले.

पोस्टाच्या ओट्यावर त्यांनी कागद काढला. 'उपचार समाधानकारक आहेत', एवढं लिहून झालं. खरं होतं, पण शांतीलालच्या सहीच्या तक्रारीपुढे हे किती टिकणार? त्यांनी तो कागद घडी करून फाडला आणि दुसरा घेतला. 'सविनय' पुढे टाक या वेळी अडला नाही. 'दोरा मंतरलेला नाही. त्यावर औषधाच्या मात्रा मोजतात; आज स्वतः पाहिलं. ही तक्रार माझ्या थट्टेतून निघाली. थट्टा केली तेव्हा मी दवाखान्याची पायरीही चढलो नव्हतो.'

पाकिटाला तिकीट लावत असताना शांतीलाल समोरून आला.

"उमेदकाका, लिखं का शेवटी? आना, मी आज धुळेच जाई ऱ्हायनू. हातोहात देस."

"नको भाऊ. टपालनं जाऊ दे."

"दोरानं लिखं ना? तुम्ही त्या दिन बोलनात ते?"

"तेच लिखं."

शांतीलाल समाधानाने हसला, मग जरा जवळ सरकला. "मन्हं नाव त्याम्हा नही ना टाकं? डाक्टर समोर भेटस रोज."

"नही," उमेदमल म्हणाले. "मन्हंच टाकं."

आणि त्यांनी पाकीट पेटीत सोडलं.