तोंड उघडं ठेवा

मित्रांनो, माझं नाव घेताना तुमची जीभ अडखळेल, म्हणून आधीच सांगतो: मी ऑटोक्लेव्ह. वाफेच्या दाबाने अवजारं निर्जंतुक करणारं यंत्र. पण गेली अकरा वर्षं मी ज्या टॅटूच्या दुकानात राहतो, तिथे मला सगळे कुकरच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला होता. कुकरात जेवण शिजतं, माझ्या पोटात जंतू मरतात. दोघांना एकाच पंगतीत बसवायचं म्हणजे काय? आता वय झालं, तो राग राहिला नाही. मी शिट्टी मात्र जन्मात कधी मारली नाही, तेवढं लक्षात असू द्या.

माझं पोट जाड पोलादाचं. पुढे गोल दार, दाराला काळ्या रबराची कड, वर दाबाचा काटा. कारखान्यातून निघालो तेव्हा इतका चकाकत होतो, की पेटीत भरणारा कामगार माझ्यात बघून भांग पाडायचा.

माझी पहिली नोकरी दातांच्या दवाखान्यात होती. बाहेरच्या खोलीत डॉक्टर खुर्चीतल्या माणसाला म्हणायचे, “तोंड उघडा.” त्याच वेळी आतल्या खोलीत सिस्टर एकेक कात्री, एकेक चिमटा कागदी पाकिटात घालताना पुटपुटायच्या, “चला, तुम्हीसुद्धा तोंडं उघडा.” मला ती नुसती थट्टा वाटायची. सिस्टरांचा हात मायेचा होता. रोज संध्याकाळी त्या माझी रबराची कड ओल्या फडक्याने पुसायच्या आणि आत फक्त शुद्ध केलेलं पाणी ओतायच्या. नळाच्या पाण्याने पोटात खपली धरते. तुम्हाला मुतखडा होतो ना, तसंच ते.

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि मी दुसऱ्या घरी गेलो. सासर म्हणा हवं तर. ते म्हणजे हे दुकान. इथे बहीण-भाऊ काम करतात. धाकटा सुईने कातडीवर चित्रं काढतो आणि ताई कान, नाक, भुवई टोचते. मी येण्याआधी त्यांची अवजारं पातेल्यात उकळत असत. मग गावात नवा नियम आला. सुई एकदाच वापरायची आणि कडक डब्यात टाकायची. हात धुवायला वेगळं बेसिन हवं. पुन्हा वापरायचं प्रत्येक अवजार पाकिटात बंद करून माझ्यासारख्या यंत्रातून काढायचं. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे पाकिटाचा नंबर वहीत लिहायचा.

त्या वहीला ताई फार नाकं मुरडायची. “कानात डूल घालायला आलेल्या माणसाचा एवढा इतिहास कशाला हवा?” असं तिने आरोग्य खात्याच्या बाईंना तोंडावर विचारलं होतं. त्या बाई दर वर्षी तपासणीला यायच्या. कमी बोलायच्या, कपाटामागचीही धूळ बघायच्या. त्या एवढंच म्हणाल्या, “वही रोजच्यासाठी नसते हो. एखाद्या दिवसासाठी असते.”

माझ्याबरोबर दातांच्या दवाखान्यातल्या सिस्टरही एक दिवस आल्या होत्या, मला कसं वागवायचं ते शिकवायला. त्यांनी ताईला एक टोचण्याचा चिमटा उघडून दाखवला. “हा मिटून ठेवलात तर याच्या जबड्यात वाफ शिरणार नाही. बाहेरून लख्ख, आतून होता तसाच.” मग त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, “तोंड उघडं ठेवा,” आणि तो कागद माझ्या कपाळावर चिकटवला. ताईला समजलं, तिने मान डोलावली. धाकटा तेव्हा बाहेर कुणाच्या तरी दंडावर वाघ काढत होता.

पहिल्या तपासणीत बाईंनी मला शाबासकी दिली. दुकानाला परवाना मिळाला. तो चौकटीत घालून पुढच्या काचेवर लावला, त्यावर छोटा दिवासुद्धा सोडला. मी मागच्या खोलीत पडद्याआड. गिऱ्हाइकं परवान्याचे फोटो काढायची आणि माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवून जायची. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय! पण खोटं बोलत नाही, तेव्हाही मी सुखी होतो. ताईचं पाकीट न पाकीट नीट असायचं.

यंदा ताई पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. टोचायचं कामही धाकट्यावर आलं आणि मीही त्याच्या हाती आलो. तो निष्काळजी नाही हं! उलट पहिल्याच दिवशी माझ्यासमोर उभा राहिला, माझ्या कपाळावरचा कागद मोठ्याने वाचला, “तोंड उघडं ठेवा,” आणि त्या दिवसापासून काम संपलं की न चुकता माझं दार उघडं ठेवू लागला.

कळलं ना घोटाळा? त्याला वाटलं, कागद माझ्या कपाळावर आहे म्हणजे गोष्ट माझ्या तोंडाची आहे.

चिमटे तो मिटून भरायचा. खट्‌कन खटका लावून. उघड्या चिमट्याचं टोक पाकिटाला भोक पाडतं, मिटलेला चिमटा शहाण्यासारखा बसतो. पाकिटावर एक फिकट रेघ असते, ती उष्णतेने काळी होते. रोज रेघ काळी व्हायची, आणि धाकटा समाधानाने मान हलवायचा. पण मित्रांनो, रेघ फक्त पाकीट तापल्याचं सांगते. चिमट्याच्या जबड्यात काय झालं, ते रेघेला कुठून कळणार?

मला कळत होतं. माझी वाफ त्या जबड्यांवर आपटून परत फिरायची. मी काय करू शकत होतो? माझं तोंड बंद असेल तेव्हाच मी कामाचा, आणि उघडं असेल तेव्हा मुका. त्या सहा आठवड्यांइतकी लाज मला कधी वाटली नाही. जिवंत जंतूंची कुपी आत ठेवून ते मरतात का, हे बघायची महिन्याची चाचणीही मी पास झालो, कारण कुपी ताटलीत सुटी ठेवलेली होती. कागदावर सगळं आलबेल होतं.

प्लास्टर निघालं. दुसऱ्या दिवशी तपासणी होती आणि परवान्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. ताई लगेच कामावर परतली, तेव्हा खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. साठीनंतर त्यांना कानात तिसरं भोक हवं होतं. ताईने हातमोजे घातले, पाकीट फाडलं आणि थांबली. पडदा सरकलेला होता, मला तिचा चेहरा दिसत होता.

चिमटा मिटलेला होता.

“बाई, आज नाही करत,” ती म्हणाली. “माफ करा, चूक आमची आहे. मीच फोन करीन तुम्हाला.”

शिक्षिका गेल्यावर ताईने कपाटातलं एकेक पाकीट उजेडात धरून पाहिलं. सगळे चिमटे मिटलेले. तिने भावाला हाक मारली.

“हे तू भरलेस?”

“हो. का? रेघ बघ ना, काळी कुळकुळीत आहे.”

“चिमटा उघडा ठेवायचा असतो रे! कागद वाचला नाहीस?”

“वाचला की! रोज उघडं ठेवलंय तोंड.” त्याने अभिमानाने माझ्या दाराकडे बोट दाखवलं. मग त्याचं त्यालाच कळलं, आणि बोट तसंच हवेत राहिलं.

मग धाकटा हळूच म्हणाला, “ताई, आत्ता सगळे उघडून पुन्हा लावू. तासाभराचं काम. उद्या तपासणीच्या बाईंना काही दिसणार नाही. उगाच सांगून स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा?”

“आणि ज्यांना टोचलं त्यांचं काय?”

“काही झालं नसेल गं.”

“नसेल,” ताई म्हणाली. “पण एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं असेल तर? तुझ्या ‘नसेल’वर मी झोपू शकत नाही.”

तिने वही काढली. जिला नाकं मुरडायची, तीच वही. पाकिटांचे नंबर लावत तिने सहा आठवड्यांतली नावं खुणावली. एकोणीस. सतरावं नाव पाहून ती खुर्चीत बसली. ते तिच्या नणंदेचं होतं. नणंदेने गेल्या महिन्यातच नाक टोचून घेतलं होतं. नाक सुजलं, तेव्हा ताईनेच फोनवर धीर दिला होता, “होतं तसं, उतरेल.”

तिने पहिला फोन नणंदेलाच केला. पलीकडचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

“वहिनी, सूज उतरली हो. कशाला फोन केलात?”

ताईने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, भावावर ढकललंही नाही. “रक्त तपासून घ्या. आज एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. मी येते बरोबर.”

“घरच्या माणसाच्या हातून हे?” नणंद म्हणाली. “बाहेर टोचलं असतं तर बरं झालं असतं!” फोन बंद झाला. ताईने डोळे पुसले आणि यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावला. उरलेले फोन धाकट्याने केले. कुणी शिव्या दिल्या, कुणी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या बाई आल्या. त्यांनी काही विचारायच्या आतच ताईने मिटलेला चिमटा त्यांच्यासमोर ठेवला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, “तुमचे कागद चोख आहेत. हे मला दिसलं नसतं.”

“म्हणून तर सांगितलं,” ताई म्हणाली.

त्यांनी दया दाखवली, असं समजू नका. टोचण्याचं काम तिथल्या तिथे बंद केलं, परवाना काचेवरून उतरवायला लावला आणि धाकट्याला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. त्याची मान खाली होती, पण तो रुसला नाही. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, ते काही उगाच नाही. जाता जाता बाई माझ्याजवळ आल्या, रबराची कड दाबून पाहिली. “ही भेगाळली आहे. बदला. म्हाताऱ्याचा काही दोष नाही.” त्या एका वाक्यासाठी मी आणखी अकरा वर्षं काम केलं असतं.

प्रशिक्षणाहून आल्यावर धाकट्याने माझ्या कपाळावरचा कागद काढला आणि स्वतःच्या सुंदर अक्षरात नवा लिहिला: “चिमट्याचं तोंड उघडं. कुकरचं बंद. चूक झाली तर आपलं उघडं.”

टोचण्याचं काम महिन्याभराने सुरू झालं. आधी गिऱ्हाइकं फिरकेनात. त्या निवृत्त शिक्षिका मात्र पहिल्याच दिवशी आल्या. रक्ताचे अहवाल एकेक करून येत होते, सगळे स्वच्छ. तीन महिन्यांनी अठरा झाले. एकोणिसावा येत नव्हता. नणंद ताईशी बोलत नव्हती. सणासुदीला, लग्नकार्यात समोर आली तरी तोंड फिरवायची. रोज सकाळी पाकिटं भरताना ताई चिमटा उघडून क्षणभर हातात धरायची, आणि ती कुणाचा विचार करत असेल, ते मला न सांगता कळायचं.

मग एका दुपारी पुढचं दार वाजलं. नणंद आत आली, थेट खुर्चीत बसली. ताईच्या हातात तिने एक घडी घातलेला कागद दिला. ताईने वाचला. एकोणिसावा अहवाल, तोही स्वच्छ.

“डाव्या कानात वरती हवंय,” नणंद म्हणाली. “पण आधी पाकीट माझ्यासमोर फोडा. चिमट्याचं तोंड बघू द्या मला.”

मित्रांनो, तुम्हीही कधी कान टोचायला, चित्र काढून घ्यायला कुठे गेलात, तर काचेवरच्या चौकटीवर भाळू नका. लाजू नका, भांडूही नका. नणंदेसारखं बघायला मागा. आणि मागे पडद्याआड माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याची रबराची कड पुसलेली आहे ना, तेही विचारा.

ताईने पाकीट फाडलं. चिमटा उघडा होता. नणंदेने तो नीट निरखून पाहिला, केस कानामागे सारले आणि म्हणाली, “हं, टोचा आता, वहिनी.”