उखाण्यावाचून नाव

गटचर्चेत इंग्रजीतून बोललं नाही तर शिक्षिका होणं विसरायचं, हे लांज्याहून रत्नागिरीला डी.एड. शिकायला आलेल्या कुसुमला ठाऊक होतं. विषय लोकगीतांचा निघाला, म्हणून तिने अडखळत उखाणा समजावला. बायका नवऱ्याचं नाव एरवी घेत नाहीत, उखाण्यात गुंफूनच घेतात.

“मग घे की नाव, लाजतेस काय गो?” शेजारी बसलेली वर्गातली चिमा हसली.

भास्करला जाऊन वर्ष झालं होतं. विधवेला उखाणा कोण घ्यायला लावतं? कुसुम सरळ म्हणाली, “माय हजबंड्स नेम, भास्कर. ही इज डेड.”

संसारभर उखाण्यावाचून ओठांवर न आलेलं नाव चारचौघींत परक्या भाषेतून निघालं, आणि आत काहीच हललं नाही. चिमाने मान खाली घातली.

“गुड. कंटिन्यू,” चर्चा घेणाऱ्या बाई म्हणाल्या.

कुसुम पुढे बोलत राहिली.